स्तनरोपण फेरशस्त्रक्रियेनंतरची काळजी
स्तनातील सिलिकॉनचे रोपण फुटल्यास, सरकल्यास किंवा त्याभोवतीचे आवरण आकसून कडक झाल्यास ते काढावे वा बदलावे लागते. रोपण आयुष्यभर टिकेलच असे नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. फेरशस्त्रक्रियेत रोपणाभोवतीचे आवरणही काढले असल्यास निचरानळी काही दिवस राहते. तिच्यातला स्राव रोज मोजून लिहावा. साधारण ४ ते ६ आठवडे जड उचलू नये. ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरात भरलेली बादली, माळ्यावरचा डबा, गोखले रोडवरून आणलेल्या पिशव्या, सगळे दुसऱ्याने उचलावे. ठाण्याहून गर्दीची लोकल टाळावीच. पुढून बटणे असलेला सैल कुडता बरा. एकीकडची सूज अचानक वाढली, ताप किंवा पू आला, तर त्याच दिवशी शल्यविशारदांना दाखवावे.