आंबेमोहोराचा धनी

पुण्यांतील जुन्या घरांत मुलाचें उष्टावण झालें कीं त्याच्या वाटींत मऊ भात पडे, आणि तो आंबेमोहोराचाच असावा असा वडीलधाऱ्या बायकांचा कटाक्ष असे. आजाऱ्याची पेज त्याचीच, सणावारीं नैवेद्याची मूदहि त्याचीच. चुलीवर भात रटरटूं लागला कीं माजघरापर्यंत सुवास दरवळे आणि मोहरलेल्या आमराईची आठवण होई. नांव पडलें तें यावरूनच. ज्या शहरानें या तांदुळाला एवढा मान दिला त्यानें तो पिकविणाऱ्या हातांकडे कितपत पाहिलें, हा प्रश्न मात्र निराळा. आंबेमोहोराचा इतिहास हा बऱ्याच अंशीं याच प्रश्नाचा इतिहास आहे.

हें वाण मुख्यत्वें पुण्याच्या पश्चिमेचें. सह्याद्रीच्या कुशींतील मुळशी, मावळ, भोर या भागांत पाऊस धोधो कोसळतो. तेथील शेतकऱ्यानें उतारावर बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या खाचरें तयार केलीं. उन्हाळ्यांत शेण, पालापाचोळा व झाडांच्या फांद्या पसरून राब भाजावयाचा, त्या जागेंत बीं पेरावयाचें, आषाढांत रोपें उपटून गुडघाभर चिखलांत लावावयाचीं आणि दिवाळीच्या सुमारास कापणीला लागावयाचें, असा तेथील वर्षक्रम. इतकें करूनहि आंबेमोहोर उदार नाहीं. रोप उंच वाढतें आणि वाऱ्यापावसांत लोळतें. त्याला करपा लवकर धरतो. उतारा कमी पडतो. दाणा आखूड व ठिसूळ असल्यामुळें सडतांना कणी फार होते. या सर्व तोट्यांची भरपाई एकाच गोष्टीनें होई, ती म्हणजे बाजारांतील भाव. म्हणूनच मावळ्याच्या शेतांत आंबेमोहोर पिके, पण त्याच्या स्वतःच्या ताटांत बहुधा नाचणी आणि वरी असे. तांदूळ विकून सारा भरावयाचा आणि सावकाराचें व्याज फेडावयाचें.

या शेतकऱ्यावर मोठा घाला आला तो पहिल्या महायुद्धानंतर. मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना वीज हवी होती. सन १९१९ मध्यें टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळशी पेट्यांत, नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, धरण बांधण्याचें ठरलें. तेथें सांठलेलें पाणी घाटाखालीं कोंकणांत सोडून वीज उत्पन्न करावयाची, अशी ही योजना होती. तिच्यासाठीं जी जमीन बुडणार होती ती भाताच्या खाचरांची होती, आणि सरकारनें ती संपादनाच्या कायद्यानें कंपनीस मिळवून देण्याचें पत्करलें. ता. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळे स्त्रीपुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा होती. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. पांडुरंग महादेव बापट यांना महाराष्ट्र ‘सेनापति’ म्हणूं लागला तो याच लढ्यांत. कांहीं काळ कंपनीला काम थांबवावें लागलें.

लढा पुढें फसला. सरकारचें बळ कंपनीमागें होतें, हें एक कारण. दुसरें खुद्द पुण्यांत होतें. मुळशींतील कितीतरी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नांवावर किंवा त्यांच्याकडे गहाण होती. त्यांच्या दृष्टीनें जमीन ही ठेव होती. तिची रोख किंमत मिळत असेल तर तक्रारीचें कारण उरत नव्हतें. त्यांच्यांतील अनेकांनीं नुकसानभरपाई घेण्याचा मार्ग पत्करला. कुळाची गोष्ट वेगळी होती. त्याच्या हातीं नांगर होता, कागद नव्हता. आणि खाचर बुडाल्यावर त्याला दुसरें खाचर कोण देणार? लढा १९२४ च्या अखेरीस संपला. सेनापति बापट १९३१ पर्यंत तुरुंगांत राहिले. सन १९२७ पासून भिऱ्याची वीज वाहूं लागली. त्या विजेनें मुंबईचे उद्योग वाढले हें खरें. परंतु तिची किंमत ज्यांनीं दिली त्यांच्या घरांत त्या वेळीं दिवा लागला नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

बुडालेल्या खोऱ्याबाहेर आंबेमोहोर टिकून राहिला. त्याच्यावर दुसरें संकट आलें तें सुधारणेच्या रूपानें. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९६६ मध्यें आय. आर. ८ ही ठेंगणी, भरघोस उतारा देणारी जात प्रसृत केली. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत तिचा ‘आंबेमोहोर १५७’ या निवडक वाणाशीं संकर झाला, आणि १९८७ मध्यें ‘इंद्रायणी’ शेतकऱ्यांच्या हातीं आली. तिला सुवास आहे आणि ती अधिक पिकते. शेतकऱ्यानें ती उचलली यांत त्याचा दोष नाहीं. पोट आणि कर्ज हीं दोन्हीं त्यालाच भागवावयाचीं असतात. पण त्यामुळें आंबेमोहोर मोठ्या खाचरांतून निघून कोपऱ्यांतल्या तुकड्यांत गेला.

नांव मात्र दुकानांत राहिलें. मध्य प्रदेश व आंध्रकडील दुसरे आखूड, सुवासिक तांदूळ त्याच नांवानें विकले जाऊं लागले. सन २०१६ मध्यें आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालें, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि मानांकनानें नांवाचें रक्षण होतें. वाण राखावयाचें तर तें दरसाल पेरावें लागतें. साध्या कणगींतलें बीं दोनचार वर्षांत उगवण्याची शक्ति गमावूं लागतें. आजहि मावळपट्ट्यांत असा एखादा शेतकरी भेटतो, जो विक्रीसाठीं इंद्रायणी लावतो, पण एक लहानसें खाचर आंबेमोहोराला ठेवतो. कापणीपूर्वीं तो चांगल्या लोंब्या वेंचून बाजूस काढतो आणि त्यांचें बीं पुढच्या राबासाठीं जपतो. तो लागवड सोडील त्या वर्षीं त्याच्या घरचें वाण संपेल.

सन १९२१ मध्यें पुण्याला या शेतकऱ्याच्या बाजूनें उभें राहण्याची संधि मिळाली होती; कांहीं उभे राहिले, कांहींनीं पैसे मोजून घेतले. आतां तोच प्रश्न वाण्याच्या दुकानांत लहान रूपानें पुढें येतो. पोत्यावरचें नांव वाचून थांबावयाचें, कीं हा तांदूळ कोणत्या खोऱ्यांतला आणि कोणाच्या खाचरांतला हें विचारून त्याचा योग्य भाव द्यावयाचा? बाळाच्या वाटींतला मऊ भात पुढेंहि आंबेमोहोराचाच असावा असें ज्या घराला वाटतें, त्या घराला हें विचारावेंच लागेल.