पहिल्या वाढदिवसाची भेट: बाळासाठी काय घ्यावे, काय टाळावे

पहिला वाढदिवस आला की मामाकडून चांदीचे वाळे, आत्याकडून वॉकर, शेजाऱ्यांकडून गाणी वाजवणारी गाडी असे काही ना काही घरात येतेच. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण एक वर्षाच्या बाळासाठी वस्तू घेताना तिची किंमत आणि चमक नंतर बघा. आधी एकच प्रश्न विचारा: ही वस्तू, किंवा तिचा सुटलेला तुकडा, बाळाच्या तोंडात गेला तर काय होईल?

या वयात मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून बघते. ती वाईट सवय नाही, ती त्याची शिकण्याची पद्धत आहे. त्यामुळे ‘तोंडात घालू नको’ असे सांगून उपयोग होत नाही. काळजी वस्तू निवडतानाच घ्यावी लागते.

एक वर्षाचे बाळ काय करू शकते?

साधारण १२ महिन्यांचे मूल आधाराने उभे राहते, भिंत किंवा खाट धरून पावले टाकते, अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीत बारीक वस्तू उचलते. डब्यात वस्तू टाकणे, बाहेर काढणे, दोन वस्तू एकमेकींवर आपटणे, झाकलेली वस्तू शोधणे हे त्याचे आवडते उद्योग. चिमटीत शेंगदाणा उचलता येतो, पण तो चावायला दाढा आलेल्या नसतात. धोका नेमका इथेच आहे.

आकार कसा तपासावा?

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरून चाचणी करतात. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू श्वासनलिका बंद करू शकते, असे मानले जाते. आपले १० रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, म्हणजे तेही या नळीत सहज मावते.

चेंडूसाठी माप आणखी मोठे आहे, कारण गोल वस्तू घशात घट्ट बसते. चेंडूचा व्यास ४४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त हवा. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, म्हणून तो या वयाला चालत नाही. टेनिसच्या चेंडूएवढा किंवा त्याहून मोठा, मऊ चेंडू घ्या.

बाहुलीचे डोळे, गाडीची चाके, बटणे, मणी ओढून बघा. तुमच्या हाताने जे सुटते ते बाळाच्या हातूनही आज ना उद्या सुटेल.

दुकानात काय बघावे?

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक आहे. मार्कखाली परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकून खरा आहे का ते बघता येते. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या नियमातून सूट आहे. त्यामुळे अशा लाकडी खेळण्यावर मार्क नसला तरी ते लगेच बनावट समजू नका. मात्र रंग निघत नाही ना आणि कडा गुळगुळीत आहेत ना, हे तपासा.

खोक्यावर लाल वर्तुळात ‘०-३’ आणि रडका चेहरा, त्यावर आडवी रेघ असे चिन्ह असेल, तर ते खेळणे तीन वर्षांखालील मुलासाठी नाही. ‘मोठा झाल्यावर खेळेल’ म्हणून घेतलेले खेळणे त्याच दिवशी उघडले जाते, हे लक्षात ठेवा.

परळीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारात मिळणारे हलके प्लॅस्टिकचे खुळखुळे पडले की फुटतात आणि आतले मणी बाहेर येतात. निघणाऱ्या स्वस्त रंगात शिसे असू शकते. शिसे शरीरात गेले तर मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. काही काजळ-सुरम्यातही शिसे आढळते, म्हणून काजळाची डबी भेट देऊ नका.

या भेटी टाळाच

* बटण बॅटरीची खेळणी: गाणारी पुस्तके, चमकणारे बूट, संगीत वाजवणारी शुभेच्छापत्रे, छोटे रिमोट यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजते. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू घरात आणू नका.
* लहान चुंबके: दोन चुंबके गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते.
* फुगे: सजावट म्हणून उंच ठीक, बाळाच्या हातात नको. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटून बसतो. जत्रेतल्या काही फुग्यांत हायड्रोजन भरलेला असतो. तो पेट घेतो, म्हणून केकवरच्या मेणबत्तीजवळ असे फुगे ठेवू नका.
* बसवण्याचा वॉकर: वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, उलट उशीर होऊ शकतो. वॉकरमधले मूल क्षणात उंबऱ्यापाशी, जिन्यापाशी किंवा चुलीपाशी पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.
* मोबाइल, टॅबलेट: भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलाला स्क्रीन नको. आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो.
* लांब दोऱ्या आणि गळ्यातले: ताईत, साखळी, दोरीला बांधलेले खेळणे गळ्याला फास लावू शकते.

चांदीचे वाळे द्यायचे असतील तर घुंगरू नसलेले, कडा न टोचणारे घ्या. मनगट्यांचा दोरा जुना झाला की काळे मणी सुटतात, आणि मग ते नाकात, कानात किंवा घशात जातात. चांदीची वाटी आणि मोठा चमचा ही त्याहून चांगली भेट आहे.

मग द्यावे काय?

* पांगुळगाडा: मूल स्वतः उभे राहून, दांडी धरून तो ढकलते, त्यामुळे पायांना खरा व्यायाम होतो. गाडा जड आणि स्थिर हवा, जागा सपाट हवी आणि जवळ मोठे माणूस हवेच.
* मोठे ठोकळे, एकात एक बसणारे डबे, जाड कडी.
* जाड पुठ्ठ्याचे किंवा कापडी चित्रांचे पुस्तक. भाकरी, बैल, चंद्र अशी ओळखीची चित्रे असली तर बोलायला विषय मिळतो.
* मऊ मोठा चेंडू.
* सुती कपडे, मच्छरदाणी, बाळाची स्वतःची ताट-वाटी.

खर्च करायचा नसेल तरी अडत नाही. स्टीलच्या दोन वाट्या, झाकणाचा डबा आणि स्वच्छ फडके यांत मूल बराच वेळ रमते. कोणत्याही खेळण्यापेक्षा मुलाशी बोलणारे, हसणारे माणूस त्याच्या भाषेसाठी जास्त कामाचे असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. अनेक बाळांचा पहिला वाढदिवस कोपीवरच होतो. अशा बाळाला मोठे खेळणे दिले तर ते गावी कुलूपबंद राहते. मच्छरदाणी, उबदार कपडे, कापडी पुस्तक आणि मऊ चेंडू या भेटी सोबत नेता येतात. फडाजवळ चालू लागलेल्या मुलाला ट्रॅक्टर, उघडी चूल आणि पाण्याची टाकी यांचा धोका खेळण्यांपेक्षा मोठा असतो. तिथे मूल सांभाळायला एक मोठे माणूस ठरवून ठेवा.

लसीकरणाचे कार्ड सोबत न्या. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांदरम्यान असतो. कुठल्याही गावातल्या सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो.

खाऊ देताना

शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, अख्खी द्राक्षे, गोळ्या बाळाला देऊ नका. बोरन्हाणात अंगावर टाकलेली बोरे, उसाचे तुकडे आणि हलवा बाळ उचलून तोंडात घालण्याआधी गोळा करा. दोन वर्षांपर्यंत साखर जेवढी टाळता येईल तेवढी टाळा.

घशात काही अडकले तर

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर:

१. मुलाला पालथे, डोके छातीपेक्षा खाली असे धरा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा मारा.
२. वस्तू निघाली नाही तर एक वर्षाखालील बाळाच्या छातीच्या मधल्या हाडावर ५ वेळा दाब द्या. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने ५ दाब द्या.
३. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. दुसऱ्या माणसाला १०८ ला फोन करायला सांगा. मूल बेशुद्ध झाले तर लगेच सीपीआर सुरू करा.

दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

बटण बॅटरी गिळल्याची शंका जरी आली तरी त्रास दिसण्याची वाट बघू नका. उलटी करवू नका. थेट बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जे जवळ असेल तिथे जा आणि एक्स-रे काढून घ्या. बॅटरी गिळून १२ तास झालेले नसतील, मूल एक वर्षाचे झालेले असेल, ते नीट गिळत असेल आणि मध हाताशी असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ छोटे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त ६ वेळा. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नका.

खेळताना बाळाकडे बघा

भेट दिल्यावर मूल तिच्याशी कसे खेळते तेही बघा. एक वर्षाचे मूल आवाजाकडे वळत नसेल, आधाराने उभे राहत नसेल, बा-बा, मा-मा असे आवाज काढत नसेल, किंवा बोटाने दाखवणे, टाटा करणे असे इशारे करत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिथेही तपासणी मोफत होते. १८ महिन्यांपर्यंत मूल चालले नाही तरी तपासणी हवी.