शेतात उतरलेले विमान

श्रोतेहो, सिद्धेश्वरच्या धरणावर घिरट्या घालणारी घार तुम्ही पाहिली असेलच. पंख न हलवता केवढी लांब जाते! १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले, तेही एकाच इंजिनाच्या विमानातून. ते इंजिन बंद पडले तर? विमान धोंड्यासारखे पडत नाही. सेसना १५२ हे लहान विमान हजार फुटांवरून दीडेक मैल तरंगत जाते. तेवढ्यात जागा हेरायची, बस्स. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीला हेच घडले. बारामतीहून एकटीच निघालेली २२ वर्षांची शिकाऊ वैमानिक, आणि इंजिनाची शक्ती गेली. तिने विमान शेतात उतरवले. विमान पार मोडले. पोरीला मात्र किरकोळ जखमा. गावकरी हातातली कामे टाकून तिच्याकडे धावले.