आराखडा कोणाच्या कुलपात?

सर्किट बोर्डाच्या आरेखनासाठी सॉफ्टवेअर निवडताना किंमत आणि सोय पाहिली जाते. दहा वर्षांनी ती फाइल कोण उघडू शकेल, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. गेल्या चार दशकांच्या इतिहासाने त्याचे महत्त्व दाखवून दिले आहे.

संगणकापूर्वी पारदर्शक फिल्मवर काळ्या पट्ट्या चिकटवून तांब्याच्या वाटा आखल्या जात. १९८५ मध्ये अमेरिकेत ऑरकॅड व ऑस्ट्रेलियात प्रोटेल, तर १९८८ मध्ये जर्मनीत ईगल अवतरले. प्रत्येकाची फाइल निराळी. कारखान्याकडे जाणारी गर्बर फाइल सर्वांना वाचता येते. पण तिच्यात केवळ थरांची चित्रे असतात. परिपथाचा मूळ नकाशा, म्हणजे आरेखनामागील विचार, मूळ फाइलमध्येच राहतो. बोर्डात पुढे बदल करायचा, तर तीच हवी.

ईगलची मोफत आवृत्ती १०० × ८० मिमी आकाराच्या दोन थरांच्या बोर्डापुरती होती. विद्यार्थ्यांना तेवढी पुरे. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ईगल विकत घेतले आणि २०१७ मध्ये कायमस्वरूपी परवान्याऐवजी वर्गणी सुरू केली. ७ जून २०२६ पासून त्याची विक्री व साहाय्य थांबवण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. ईगलने २०१२ मध्ये वाचनीय एक्सएमएल स्वरूप स्वीकारले होते, हे वापरकर्त्यांचे सुदैव. त्यामुळेच २०१८ मधील कायकॅड ५ ला त्या फाइली उघडता आल्या.

कायकॅड हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केले. पुढे सर्नने त्याला बळ दिले. २००९ मध्ये सर्नने खुल्या हार्डवेअरचे भांडार उभारले होते. परंतु महागड्या सॉफ्टवेअरमधील आराखडा खुला केला, तरी ते सॉफ्टवेअर नसलेल्याला त्याचा उपयोग काय? म्हणून सर्नच्या अभियंत्यांनी आड येणाऱ्या वाटा बाजूला सारत नवी वाट आखण्याची सुविधा कायकॅडमध्ये आणली.

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने कायकॅड आणि एनजीस्पाइस यांच्या आधारे ‘ई-सिम’ विकसित केले. त्यामागे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे अर्थसाहाय्य आहे. चिपच्या आरेखनात वाट वेगळी आहे: बेंगळुरूच्या सी-डॅकमधील चिप-इन केंद्र शिक्षणसंस्थांना व्यावसायिक साधने पुरवते. तेथे परवान्याची मुदत हाच कळीचा मुद्दा ठरतो.

अतिवेगवान, बहुस्तरीय बोर्डांसाठी व्यावसायिक सॉफ्टवेअर आजही अनेकांना अपरिहार्य वाटते, आणि ती निवड गैर नाही. तथापि परवाना संपण्यापूर्वीच परिपथाचा नकाशा, घटकांची यादी आणि गर्बर फाइली खुल्या स्वरूपात जतन कराव्यात. प्रयोगशाळेतील उपकरण वीस वर्षे चालते; त्याच्या दुरुस्तीचा मार्ग एका वर्षाच्या वर्गणीवर अवलंबून नसावा.