बॅनशीचा विलाप

मोकळे सोडलेले लांब केस, पांढरे वस्त्र आणि रात्रीच्या काळोखात उठणारा आक्रोश, असे आयर्लंडमधील बॅनशीचे रूप सांगतात. तो आक्रोश कानी आला की घराण्यातील कोणी तरी लवकरच जाणार, अशी तेथील लोकसमजूत. तथापि बॅनशी कोणाचा प्राण घेत नाही. ती केवळ रडते. आयरिश भाषेत तिच्या नावाचा अर्थ 'टेकडीतली स्त्री' असा आहे. प्राचीन मातीच्या टेकाडांत अदृश्य देवयोनी वसते, ही श्रद्धा त्यामागे आहे.

तिचा ऋणानुबंध असतो तो मुख्यतः जुन्या गेलिक कुळांशी. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू याला आदल्या रात्री ईवल या कुलदेवतेने मरणाची सूचना दिली, असे मध्ययुगीन आख्यान सांगते. त्याचेच वंशज ओब्रायन. सतराव्या शतकाच्या मध्यास लेडी ॲन फॅन्शॉ ही इंग्रज स्त्री एका ओब्रायन घरी पाहुणी होती. रात्री खिडकीत तांबड्या केसांची, निस्तेज चेहऱ्याची स्त्री दिसल्याचे तिने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. सकाळी कळले, की यजमानांचा एक आप्त त्याच रात्री निवर्तला होता.

त्याच काळात, १६४९ च्या क्रॉमवेलच्या स्वारीनंतर, अनेक गेलिक सरदारांच्या जमिनी हिरावल्या गेल्या. गढ्या गेल्या, कवींचा आश्रय तुटला. बॅनशी मात्र कुळाला सोडून गेली नाही. विपन्न घरावर तिचा विलाप उठला, म्हणजे त्या घराचे कुलीनपण अद्याप कोणी तरी ओळखत होते.

या विलापाचे प्रतिरूप माणसांतच आढळते. प्रेताजवळ बसून, मृताचे गुण गात शोक करणाऱ्या स्त्रिया आयर्लंडमध्ये असत. चर्चने ही चाल वारंवार निषिद्ध ठरविली. तरी पश्चिमेकडील बेटांवर ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. फ्रेडरिक बर्टन याच्या १८४१ मधील चित्रात ॲरन बेटावरील कोळ्याच्या बुडालेल्या मुलाभोवती अशा स्त्रिया दिसतात.

क्रोकरचा लोककथासंग्रह १८२५ साली निघाला. त्यानंतरच्या पुस्तकचित्रांतून आणि पुढे चित्रपटांतून बॅनशी बहुधा भेसूर पिशाच म्हणूनच अवतरली. परंतु ज्या कुळासाठी ती रडे, त्याच्या लेखी तो आक्रोश शाप नव्हता. घरच्यांनाही मरणाची वार्ता नसताना, त्यांच्या माणसासाठी कोणी तरी आधीच शोकाला बसले होते.