महाबळेश्वरची टेलिफोन तार आणि इंटरनेट

महाबळेश्वरच्या घरांत आणि हॉटेलांत बोलण्यासाठी ओढलेली तांब्याची जोडतार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंटरनेटच्या कामी आली. तार तीच राहिली. तिच्या दोन टोकांना बसवलेली यंत्रे तेवढी बदलली. मात्र ती तार किती लांब ओढली होती, वाटेत किती जोड होते आणि त्या जोडांत किती पाणी शिरले होते, यावर इंटरनेटचा वेग ठरला.

गावाची ठेवणच तारेला गैरसोयीची आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२९ च्या सुमारास, येथे माल्कम पेठ वसली आणि पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम येथे पडू लागला. बाजारपेठ एका ठिकाणी दाटीने उभी राहिली, पण साहेबांचे बंगले एकेक कडा आणि एकेक दृश्य हेरून झाडीत दूरदूर बांधले गेले. मूळ देवस्थानाचे क्षेत्र महाबळेश्वर पेठेपासून पाचसहा किलोमीटरवर आहे. त्यात पाऊस पाच-सहा हजार मिलिमीटरचा, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटमाथ्यावरच्या या गावात तार टाकण्यापेक्षा ती कोरडी ठेवणे अवघड.

भारतात टेलिफोन एक्स्चेंजे जानेवारी १८८२ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे सुरू झाली. लहान गावांना पुढे दीर्घकाळ हाताने जोडणी करणाऱ्या ऑपरेटरवर अवलंबून राहावे लागले. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावायचा आणि वाट पाहत बसायचे. घाई असेल तर ‘अर्जंट’, त्याहून घाई असेल तर ‘लाइटनिंग’. ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावण्याची देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने लहान गावांसाठी वातानुकूलनाशिवाय चालणारी डिजिटल एक्स्चेंजे तयार केली, तेव्हा एसटीडी खऱ्या अर्थाने तालुक्यांपर्यंत पोचली. महाबळेश्वर-पाचगणीचा ०२१६८ हा कोड हॉटेलांच्या पाट्यांवर आणि लेटरहेडवर झळकला तो त्यानंतरच्या काळात.

या प्रवासात तारही पालटली. खांबांवरच्या चिनी मातीच्या चिमण्यांना (इन्सुलेटरांना) बांधलेल्या उघड्या तारा मागे पडून जमिनीखालून जेली भरलेली केबल आली. तिच्यात पॉलिथिनचे वेष्टण असलेल्या तांब्याच्या बारीक तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात आणि पाणी शिरू नये म्हणून मधल्या पोकळीत जेली भरलेली असते. पीळ शोभेसाठी नसतो. पिळामुळे शेजारच्या जोडीतला आवाज आणि बाहेरचा विद्युत गोंगाट बऱ्याच अंशी आपोआप रद्द होतो. एक्स्चेंजमधून ही केबल रस्त्यावरच्या पिलरपर्यंत, तेथून खांबावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे जोडपेटीपर्यंत, जाते. डीपीपासून घरापर्यंत हवेतून येते ती ड्रॉप वायर, आणि घरात शिरल्यावर भिंतीवरचा रोझेट. सगळ्यात अशक्त भाग हा शेवटचा. डीपीचे झाकण एकदा नीट बसेनासे झाले, की दोन पावसाळ्यांत आतल्या जोडांवर हिरवट थर चढतो आणि फोनमध्ये खरखर सुरू होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत सार्वजनिक इंटरनेट सुरू केले. या पहिल्या पद्धतीत मॉडेम आकड्यांचे आवाजात रूपांतर करी आणि साधा फोन लावावा तसे एक्स्चेंजमार्फत जोडून घेई. इंटरनेट चालू असेपर्यंत फोन गुंतलेला राही. जवळपास इंटरनेटचे जोडकेंद्र (नोड) नसलेल्या गावच्या ग्राहकाला शहराशी जोडायला एसटीडीचा दर पडे, त्यामुळे पत्रे आधी लिहून ठेवून मगच लाइन जोडण्याची शिस्त लागली.

खरे रूपांतर एडीएसएल या तंत्राने केले. बोलण्याला जोडतारेतील साधारण चार किलोहर्ट्झपर्यंतचाच पट्टा लागतो. वरचा सगळा मोकळा पडून होता. एडीएसएलने सुमारे २५ ते १,१०० किलोहर्ट्झ हा पट्टा माहितीसाठी वापरला. एक्स्चेंजमध्ये डीस्लॅम नावाचे यंत्र आणि घरात मॉडेम बसले. रोझेटला लावलेल्या स्प्लिटरच्या छोट्या डबीने बोलणे एका वाटेने आणि इंटरनेट दुसऱ्या वाटेने वेगळे केले. भारत संचार निगमची ‘डेटावन’ ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या सरकारी व्याख्येनुसार सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हणत. एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असे, म्हणून कित्येक घरांत संगणक रात्रभर चालू राही.

डोंगरी गावात या सेवेच्या मर्यादा लगेच उघड झाल्या. वरच्या पट्ट्यातल्या लहरी अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात. चार-पाच किलोमीटरपुढे एडीएसएल जेमतेम टिकते. पेठेतल्या दुकानाला मिळणारा वेग कड्यावरच्या बंगल्याला मिळणे शक्यच नव्हते. एकाच लाइनवर दोन-तीन खोल्यांत पॅरलल फोन काढलेले असत. त्या लोंबत्या फाट्यांवरून लहरी उलट परतत आणि वेग आणखी पडे. पावसाळ्यात आणखी एक विचित्र गोष्ट घडे. जोडीतली एक तार तुटली की फोन डेड होतो, कारण त्याला पूर्ण मंडल लागते. उच्च वारंवारितेच्या लहरी मात्र दोन तारांमधल्या धारितेच्या आधाराने कशाबशा पुढे सरकतात. त्यामुळे ‘फोन बंद, नेट रडतखडत चालू’ ही तक्रार वेडगळ वाटली तरी खरी असू शके. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मॉडेमची पिन आणि लाइन दोन्ही काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय होता.

इंटरनेट घराच्या दारापर्यंत आले, पण आतल्या खोल्यांत जुन्या तारेने कितपत साथ दिली? अमेरिकेतील कार्यालयांत टेलिफोनसाठी जादा जोड्या असलेली केबल आधीच भिंतींत होती. १९९० मध्ये ठरलेले, संगणक एकमेकांना जोडण्याचे दहा मेगाबिटचे इथरनेट मानक तिच्यावर चालावे अशाच बेताने आखलेले होते. त्याला दोन जोड्या लागत आणि प्रत्येक खोलीची तार थेट मध्यवर्ती हबपर्यंत यावी लागे. आपल्याकडील घरांत जोडी एकच, आणि तीही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत साखळीने नेलेली. त्यामुळे घरची टेलिफोन वायरिंग इथरनेटसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरली. हॉटेलांचे तसे नव्हते. तेथे ईपीएबीएक्सपासून, म्हणजे हॉटेलच्या अंतर्गत एक्स्चेंजपासून, प्रत्येक खोलीला स्वतंत्र जोडी जाते. तिच्यावर छोटा डीस्लॅम बसवून खोलीखोलीत इंटरनेट देण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या सरळ होती.

घरांपुरता प्रश्न वाय-फायने सोडवला असे म्हटले जाते. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या जुन्या बंगल्यांत ते अर्धेच खरे आहे. अशा दोन भिंती ओलांडताना वाय-फाय क्षीण होते आणि केबलची गरज उरतेच. बाहेरची तांब्याची जागा आता फायबर घेत आहे. त्याला वीज आणि पाणी यांचे भय तांब्यापेक्षा कितीतरी कमी. आतली जुनी टेलिफोन तार लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवली असेल, तर ती काढून टाकण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. नळीतून नेली असेल, तर मात्र ती उपटून फेकण्याआधी तिच्या एका टोकाला कॅट-सहा केबल घट्ट बांधावी आणि दुसऱ्या टोकाने ओढावी. नळी मोकळी असल्यास भिंत फोडावी लागत नाही.