८७ सिल्विया : एका नोंदीवरील भाष्य

लघुग्रहांच्या यादीत एकेका खगोलाला जेमतेम चार-सहा ओळींची जागा मिळते. सत्त्याऐंशी क्रमांकाच्या नोंदीतल्या मुख्य बाबी इथे ओळीने घेतल्या आहेत. शेवटच्या ओळीतला घनतेचा लहानसा आकडा आधीच्या ओळी नीट लागल्याशिवाय लागत नाही, हे दाखवणे हा या भाष्याचा हेतू आहे.

१. ८७ सिल्विया

क्रमांक शोधाच्या क्रमाने दिलेला आहे. पहिला मान १८०१ साली सापडलेल्या सेरेसचा. नाव रिया सिल्वियाचे. ती रोमच्या दंतकथेतली रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची आई. ही मुले सहाव्या ओळीत भेटतील.

२. शोध : १६ मे १८६६, मद्रास वेधशाळा, नॉर्मन पॉगसन

लघुग्रह शोधायला छायाचित्रण वापरात आले ते १८९१ मध्ये. त्याआधी सगळी भिस्त डोळ्यावर. क्रांतिवृत्तालगतच्या मंद ताऱ्यांचा नकाशा हाताशी घ्यायचा आणि दुर्बिणीतले आकाश त्याच्याशी ताडून पाहायचे. नकाशात नसलेला ठिपका दिसला की शेजारच्या ताऱ्यांपासून त्याची अंतरे मोजायची आणि तो सरकतो का, हे पाहत राहायचे. सरकला तर तो तारा नव्हे. मद्रासमधल्या नुंगमबक्कमच्या या वेधशाळेतून पॉगसनने असे पाच लघुग्रह टिपले : आशिया (१८६१), सॅफो (१८६४), सिल्विया, कॅमिला (१८६८) आणि व्हेरा (१८८५).

ओळीत नाव एकाचेच येते. वेधशाळा मात्र एकट्याच्या बळावर चालत नाही. याच वेधशाळेत चिंतामणि रघुनाथाचारी हे सहायक होते आणि १८६७ मध्ये त्यांनी स्वतः एक रूपविकारी तारा शोधला. मद्रासचा इतिहास सांगताना त्यांचे नाव गाळणे मला अन्यायाचे वाटते.

३. अर्धदीर्घ अक्ष ३.४८ खगोलीय एकके, विकेंद्रता ०.०९, कल १०.९ अंश, प्रदक्षिणाकाळ ६.५ वर्षे

यातले पहिले आणि शेवटचे आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. ३.४८ चा घन करा, ४२.१ येतो, त्याचे वर्गमूळ काढा, ६.५. केप्लरचा तिसरा नियम तो हाच. विकेंद्रता बेताची असल्यामुळे सूर्यापासूनचे अंतर साधारण ३.२ ते ३.८ एककांत राहते.

जागा मात्र लक्ष देण्याजोगी आहे. ३.२७ एककांवरचा खगोल गुरूच्या एका फेरीत स्वतःच्या दोन फेऱ्या पुऱ्या करतो. त्यामुळे गुरूची ओढ त्याला पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसते, कक्षा बिघडत जाते आणि तिथे पट्ट्यात फट पडलेली आहे. सिल्विया या फटीच्या पलीकडे, मुख्य पट्ट्याच्या अगदी बाहेरच्या काठावर, सिबली गटात फिरते.

४. निरपेक्ष प्रत ६.९, परावर्तन सुमारे ४ टक्के

खगोल सूर्यापासून एक एकक आणि आपल्यापासूनही एक एकक अंतरावर असून पूर्ण उजळलेला असता, तर तो ज्या प्रतीचा दिसला असता ती निरपेक्ष प्रत. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभर पट, ही मोजपट्टी १८५६ मध्ये पॉगसननेच सुचवली. सिल्वियाचे तेज तिच्या शोधकाच्याच मापाने मोजले जाते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पृष्ठभाग कोळशासारखा काळा. इतक्या कमी परावर्तनातही एवढे तेज यायचे, तर खगोल मोठा हवा : हिशेबाने व्यास सुमारे २६० किमी निघतो.

५. परिवलन ५.१८ तास, ३६३ × २४९ × १९१ किमी

लांबट खगोल फिरताना कधी रुंद बाजू दाखवतो, कधी अरुंद. म्हणून एका परिवलनात तेज दोनदा वाढते आणि दोनदा घटते. हा चढउतार आणि मोठ्या दुर्बिणींतली चित्रे जुळवून आकार मिळाला. तेवढ्याच घनफळाच्या गोलाचा व्यास सुमारे २७० किमी भरतो, म्हणजे चौथ्या ओळीतला अंदाज फारसा चुकलेला नव्हता.

६. उपग्रह : रोम्युलस, रीमस

२००१ मध्ये मायकेल ब्राउन आणि जाँ-ल्यूक मार्गो यांना हवाईतल्या केक दुर्बिणीतून रोम्युलस दिसला. चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’च्या २००४ मधील वेधांत फ्रँक मार्शिस आणि सहकाऱ्यांना रीमस सापडला, घोषणा २००५ मध्ये झाली. दोन उपग्रह असलेला हा पहिला ज्ञात लघुग्रह.

नोंदीतली सर्वांत मोलाची ओळ हीच. एकट्या लघुग्रहाचे वजन करणे महाकठीण असते. त्याची ओढ इतरांवर पुरेशी जाणवतच नाही. उपग्रह असला की प्रश्न सुटतो. रोम्युलस सुमारे १,३५७ किमीवरून ३.६५ दिवसांत फेरी मारतो. एवढ्यावरून सिल्वियाचे वस्तुमान निघते : जवळपास १.५ गुणिले १० चा १९ वा घात इतके किलोग्रॅम.

७. घनता सुमारे १.४

सहाव्या ओळीतल्या वस्तुमानाला पाचव्या ओळीतल्या घनफळाने भागले की हा आकडा येतो. पाण्याची घनता १. साध्या खडकाची अडीच-तीनच्या घरात. सिल्वियाचा आकडा पाण्याच्या इतक्या जवळ आहे, की आत पोकळ्या किंवा बर्फ, बहुधा दोन्ही, धरावेच लागतात. मात्र ही सरासरी झाली. लांबट खगोलात वस्तुमान सगळीकडे सारखे पसरलेले असते, तर उपग्रहांच्या कक्षा एका ठरावीक वेगाने वळत गेल्या असत्या. तसे वळण वेधांत आढळत नाही. म्हणूनच २०२१ च्या अभ्यासात बेनुआ कारी आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की मध्यभागी दाट गाभा आहे आणि हलका, सच्छिद्र भाग बाहेर आहे.